छोटं भांडं

नातीचं नाव शाळेत घातलं, त्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. पण त्याहूनही महत्त्वाचं ते डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं. गिळणं बिघडलं होतं.

"पाण्यासारखं पातळ द्यायचं नाही, जाडंभरडंही नाही," त्या म्हणाल्या. "चमचा तिरका केला की घसरेल, पण ओघळणार नाही, इतपत. एक गुठळी गेली तरी ती पोटाऐवजी फुप्फुसात उतरेल. आणि तोंडाने पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

जाऊबाई खाटेवरून ऐकत होत्या. डावा हात वर करून म्हणाल्या, "नळी नाही."

"अहो, अजून घालतोय कुठे?" डॉक्टरीणबाई हसल्या.

"नाही," जाऊबाई पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या 'नाही'ची मला तोवर चांगली ओळख होती. त्या घरात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून ऐकत होते.

तेव्हा सगळं ठरलं ते असं: तोंडाने खाल्लं तर जाऊबाई आमच्यात, नाही तर नाही.

घरात आम्ही पाच जणं. मी, जाऊबाई, माझा मुलगा, सून आणि नात. आमच्या दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकापाठोपाठ गेले होते. जाऊबाईंना मूल नव्हतं. माझ्या मुलाला भरवताना एक घास माझा आणि एक त्यांचा, असं चालायचं. तो त्यांना मोठी आई म्हणतो. त्यांची सगळी नोकरी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात झाली. मोठमोठ्या पातेल्यांत उलथनं फिरवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता. आता तोच निकामी.

यंत्रांशी त्यांचं फारसं पटायचं नाही. आमच्या ओट्यावर मुला-सुनेने हौसेने जमवलेली बरीच होती. टोस्टर पाव एका बाजूने जाळायचा आणि दुसरी बाजू कोरी ठेवायचा. जाऊबाई त्याला घरजावई म्हणायच्या. अंडी उकडायचं यंत्र कुणीतरी भेट दिलं होतं, ते खोक्यातच राहिलं. त्यांच्या मते अंडं उकडायला यंत्र लागत असेल तर त्या माणसाने अंडं खाऊ नये. विजेची किटली तेवढी त्यांना आवडायची. "पाणी उकळलं की आपण होऊन गप्प बसते," त्या म्हणायच्या, "या घरात आणखी कुणाला जमतं का ते?" असं म्हणून माझ्याकडे बघायच्या.

मिक्सर मात्र डोळ्यांसमोर नको असायचा. तो सुरू झाला की, "लागला भाषणाला," म्हणत बाहेर जाऊन बसायच्या. सुनेच्या मामाने लग्नात दिलेला तो मिक्सर. त्याची तीन भांडी. मोठं, मधलं आणि एक अगदी छोटं, दोन मुठींत मावेल एवढं. ते छोटं भांडं आम्ही वर्षानुवर्षं वापरलंच नव्हतं.

जाऊबाई घरी आल्या त्या दिवशी मी दवाखान्यात बघितलं होतं तसं केलं. शिजवलेला बटाटा, गाजर, पालक आणि अंडं एकत्र घातलं आणि फिरवलं. मळकट हिरवं काहीतरी झालं. वाटी समोर धरली. त्यांनी बघितलं, ओठ मिटले.

"जाऊबाई, एक चमचा."

"ड्रम," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेना. मग आठवलं. वसतिगृहाच्या मागच्या दाराशी एक निळा ड्रम असायचा. मुलांच्या ताटातलं उष्टं त्यात जायचं आणि संध्याकाळी डुकरं पाळणारा येऊन तो न्यायचा. त्या घरी येऊन सांगायच्या, "आज पण गळ्यापर्यंत भरला होता. शिजवताना हात दुखला नाही एवढा तो ढवळलेला बघून दुखला."

ती वाटी मी मोरीत ओतली. माळ्यावरून छोटं भांडं काढलं.

त्यानंतर आमचं एक तंत्र बसलं. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटायचा, ताटलीत वेगळा मांडायचा. आधी पांढरं, मग पिवळं, मग केशरी, शेवटी हिरवं. म्हणजे मध्ये भांडं घासायला लागायचं नाही, नुसतं विसळलं तरी पुरायचं. ज्या पाण्यात शिजवलं त्याचेच दोन चमचे घालायचे. मिक्सर एकदम सोडायचा नाही, थांबत थांबत फिरवायचा, झाकण काढून कडेचं खाली ओढायचं, परत फिरवायचं. शेवटी दोन बोटांत चोळून बघायचं. बोटांना काहीच लागलं नाही की झालं.

ताटली समोर ठेवली की त्या डाव्या हाताच्या बोटाने दाखवायच्या. आधी हे. मग ते. कुठल्या घासानंतर कुठला, हे त्या ठरवायच्या. एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं आणि ते त्या सोडत नव्हत्या.

"मीठ," एकदा बटाट्यावर बोट ठेवून म्हणाल्या.

"विसरले."

"म्हातारी," त्या म्हणाल्या. तोंड एका बाजूने वाकडं होऊन हसल्या. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या.

त्यांचं वजन घटायचं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मीही मनात धरून चालले होते की हे असंच चालत राहील.

मिक्सर मात्र थकत चालला होता. दिवसातून इतक्या वेळा तो कधीच फिरला नव्हता. मध्येच करपल्याचा वास यायचा आणि बंद पडायचा. मग तो उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं, थोडं थांबायचं, पुन्हा लावायचा. भांडं नीट बसेना म्हणून मी त्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन उभी राहायची. माझी मनगटं सुजायला लागली. सून बघत होती. माझ्या सुनेबद्दल मला एक शब्द वावगा बोलायचा नाही. तिचं माझ्यावरचं प्रेम खोटं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं घडलं.

रविवारी मी गप्पा मारायला म्हणून शेजारी जाऊन बसले होते. परत आले तर ओट्यावर नवं यंत्र. उंच, काळं, चकचकीत. त्याचं भांडं घागरीएवढं.

"आई, आता मनगटं मोडून घ्यायची नाहीत," सून म्हणाली. "दगड टाकला तरी पीठ करतं. दुकानातल्या माणसाने लाकडाचा तुकडा घालून दाखवला."

"लाकूड कोण खाणारे घरात?" मी म्हटलं. मुलगा हसला. जाऊबाईही हसल्या.

"आणि जुना?"

"तो दुकानदाराने नेला. जुना दिला की नवा देतात."

"भांड्यांसकट?"

"भांड्यांसकटच द्यावा लागतो, आई. नुसती भांडी ठेवून काय करणार?"

छोट्या भांड्यावाचून काय अडेल, ते मलाही तेव्हा लक्षात आलं नाही. यंत्र छान दिसत होतं आणि माझी मनगटं खरंच दुखत होती.

सकाळी एक शिजवलेलं गाजर त्यात टाकलं. बटण दाबलं. भोंगा वाजावा तसा आवाज झाला आणि गाजर चहूकडे भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटलं. खाली पातं रिकामंच फिरत राहिलं. खरवडून खाली आणलं, पुन्हा वर गेलं. भांड्यावर खालच्या बाजूला एक रेघ होती. तिच्याखाली माल असला तर ते यंत्र वाटत नाही. आणि त्या रेघेपर्यंत भरायला किलोभर गाजर लागत होतं.

"मग किलोभर वाटू," मुलगा म्हणाला. "मोठ्या आईला हवं तेवढं काढू, उरलेलं आपण खाऊ."

पहिले काही दिवस सगळ्यांनी हौसेने खाल्लं. दुपारी गाजराचं सूप, संध्याकाळी बटाट्याचा लगदा.

"आजी, मला दात आहेत," नात म्हणाली.

"असेनात. थोडे दिवस त्यांना सुट्टी," मुलगा म्हणाला. पण त्यानेही वाटी अर्धी ठेवून दिली.

वाटून ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी खाली चोथा बसायचा आणि वर पाणी सुटायचं, आणि पाणी तर त्यांना चालतच नव्हतं. ढवळून एकजीव केलं तरी चमच्यातून ओघळायचंच. एका घोटाला ठसका लागला तो थांबेना. तेव्हापासून ताजंच. उरायचं ते सून मोरीजवळच्या बादलीत टाकायची. दुसरं काय करणार? खाणारी तोंडं तेवढीच.

जाऊबाईंची खाट स्वयंपाकघराच्या दाराला लागून होती. आपण काय काय त्यांच्या डोळ्यांसमोर करतो, हे मला कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण सकाळच्या घाईत कोण कुठे बघतं? एका सकाळी बादली काठोकाठ भरली होती, केशरी, हिरवी, पांढरी, सगळी मिसळलेली. त्यांनी ती बघितली. मी ताटली आणली. सगळं वेगवेगळं, हवं तसं, गुळगुळीत. त्यांनी बोट उचललंच नाही.

"काय झालं?"

त्यांनी बादलीकडे बघितलं. "माझ्यापायी," म्हणाल्या. एवढा लांब शब्द त्यांनी आजारपणानंतर पहिल्यांदा उच्चारला.

त्या दिवशी दोन चमचे गेले. दुसऱ्या दिवशी एक. मी विनवलं, रागावले, हात जोडले. मुलाने मांडीवर डोकं ठेवलं. त्याच्या केसांतून त्यांनी डावा हात फिरवला, पण तोंड उघडलं नाही.

मुलाने धावपळ केली. त्याच संध्याकाळी हाताने धरून फिरवायची एक काठीसारखी मशीन आणली. तिने गाजर ओट्यावर, भिंतीवर आणि माझ्या चष्म्यावर उडवलं, आणि उरलं त्यात कण तसेच. मग दोरी ओढायचं एक छोटं यंत्र आणलं, ते चिरायचं, वाटायचं नाही. जुन्या मिक्सरचा शोध घ्यायला दुकानात गेला. तो कधीच भंगारात गेला होता. शेवटी छोट्या भांड्याचा तसाच दुसरा मिक्सर मागवला. "पाच-सहा दिवसांत येईल," म्हणाला.

पाच-सहा दिवस म्हणजे धडधाकट माणसाला काही नाही.

मी चाळण काढली. बारीक जाळीची, पीठ चाळायची. त्यावर एकच गाजर ठेवून चमच्याच्या पाठीने घासत बसले. घासत राहिले की खालून थेंब थेंब गर उतरायचा. वाटीभर व्हायला सकाळ सरायची. पण बादलीत काही जात नव्हतं. मी मुद्दाम त्यांच्या खाटेपाशी बसून घासायची, म्हणजे त्यांना दिसेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट उचललं. गाजराकडे.

मी बोटांत चोळून बघितलं. काही लागलं नाही. निदान मला तरी. वय झालं की बोटांची कातडी जाड होते.

त्यांनी खाल्लं. अख्खी वाटी. बटाटाही मागितला. "मीठ?" मी विचारलं. "आहे," म्हणाल्या. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. मुलाने ऑफिसातून दोनदा फोन केला. त्या दिवशी आमच्या घरात कुणाचं लग्न ठरावं तसा आनंद होता.

खोकला संध्याकाळी सुरू झाला. सकाळपर्यंत अंग तापलं. गाजराच्या मधल्या दांड्याचे बारीक तंतू चाळणीतूनही उतरतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा सूर दोष देण्याचा नव्हता. दवाखान्यात नेलं, सुया झाल्या, ताप उतरला, पण छातीतली घरघर उतरली नाही. नळीचा विषय पुन्हा निघाला. जाऊबाईंनी मान हलवली, आणि मुलाने सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. त्यांना घरी आणलं.

सून रात्रंदिवस त्यांच्या पायाशी. "मीच तो जुना द्यायला सांगितला हो, मोठ्या आई," ती म्हणाली. जाऊबाईंनी तिच्या गालाला हात लावला. "वेडी," म्हणाल्या.

आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मागवलेला मिक्सर आला. मी खोकं फोडलं. तीन भांडी होती. छोट्या भांड्यात बटाटा वाटला, मग अंड्याचा पिवळा बलक, मग गाजर, मग पालक. कुठे अडलं नाही, वास आला नाही. इतकं गुळगुळीत जुन्या मिक्सरमध्येही कधी झालं नव्हतं. सुनेच्या बोटांनाही चोळून बघायला लावलं. "लोणी आहे, आई," ती म्हणाली.

ताटलीत चार रंग मांडून मी खाटेपाशी नेली. जाऊबाईंनी बराच वेळ बघितलं. डोळ्यांत ओळख होती.

"आधी कुठलं?" मी विचारलं.

त्यांचं बोट चादरीवरच राहिलं.

"जाऊबाई, एक काहीही दाखवा. पांढरं देऊ?"

"छान," त्या म्हणाल्या. मग दम लागला. तो ओसरल्यावर म्हणाल्या, "नको आता. तू खा."

"मी काय खाऊ? मला दात आहेत."

त्या हसल्या नाहीत. डोळे मिटून घेतले. मी ताटली धरून तशीच बसले. सुनेने ती हातातून काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी दिली नाही. बादली रिकामी होती आणि मला त्यात काही टाकायचं नव्हतं. मी एकेक करून सगळं खाल्लं. मीठ बरोबर होतं.

त्यानंतर त्यांच्या तोंडात ओल्या बोळ्याने लावलेल्या पाण्याखेरीज काही गेलं नाही.

माझी थोरली जाऊ त्या मार्च महिन्याच्या अकरा तारखेला, बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला घरीच वारली.