थंड हाताचं माप

डूख धरणं मला जमतं. आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही येतं. ताईला भरतकाम येतं, मला डूख धरता येतो.

व्यायामशाळा आमच्या बाबांची. एका छापखान्याखालचं तळघर, पुढे मोठा हॉल, मागे केरसुण्या आणि फाटक्या गाद्या ठेवायची कोंदट खोली. शिकवणारे दोघं: मी आणि ताईचा नवरा, म्हणजे माझे दाजी. बाबांनी घालून दिलेला नियम असा, की वर्षातून एकदा शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचा दंड मोजून घ्यायचा. मागच्या मापापेक्षा ज्याचा जास्त वाढला, त्याला वर्षभर पुढचा हॉल. दुसऱ्याने मागच्या खोलीत शिकवायचं. जो स्वतः वाढत नाही त्याने दुसऱ्याला काय वाढवायचं, असं बाबा म्हणत. आणि माप नेहमी थंड हाताचं, वजनाला हात लावण्याआधी.

बाबा गेले आणि दाजींनी पहिल्याच वर्षी ती शिस्त मोडली. मापाआधी पडद्यामागे जाऊन त्यांनी हलकी डंबेल्स मारली, भराभर, दंड टम्म होईपर्यंत. शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. मी हरकत घेतली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेव्हणीबाई, पंप आला म्हणजेच वाढ झाली. डोळ्यांना दिसतंय की! हातच्या काकणाला आरसा कशाला?" टाळ्या पडल्या. टेप ताईच्या हातात होती. माझा थंड दंड मोजून झाल्यावर दाजींनी शेवटचा टोला हाणला: "हिचा हात वाढत नाही, जीभ तेवढी वाढते."

सगळे हसले. ताईही हसली.

दाजींचं मी समजू शकले असते. माणूस मुळातच फुशारक्या मारणारा. पण ताईचं ते हसणं माझ्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. मी केरसुण्या सरकवून मागच्या खोलीत माझ्याकडे येणाऱ्या बायकांना शिकवू लागले आणि दिवस मोजू लागले.

खरं सांगायचं तर पंपाशी माझं वैर नाही. नेटाने व्यायाम केला की स्नायूत रक्त भरतं, हात फुगतो, आरशात बरं वाटतं. येऊ द्यावा. पण तो पाहुणा आहे, तासाभरात जातो. हात वाढतो तो आता आणखी एकदाही उचलवणार नाही असं वाटेपर्यंत उचलल्याने, महिन्यागणिक थोडं अधिक वजन घेतल्याने, पोटभर जेवून गाढ झोपल्याने. हलक्या वजनानेही वाढेल, पण जीव मेटाकुटीला यायला हवा. दाजींचं मात्र फुगला की थांबायचं. आरसा खूश झाला की ते खूश. कष्ट सुरू होण्याच्या उंबऱ्यावरच त्यांची टाळी वाजायची.

मी रोज दार लावून वजनं उचलली. दर उचलीला ते हसणं आठवायचं. रागाने माणसाचं रक्त आटतं म्हणतात. माझ्या तो अंगी लागला.

मापाचा दिवस जवळ आला तशी मी गोड झाले. दाजींना म्हटलं, "बाबांनंतर तुम्ही एवढं सांभाळलंत. यंदा मापाआधी तुमचा छोटासा सत्कार करू या."

"मापानंतर करू की."

"मापानंतर लोक घरी पळतात, दाजी. भरल्या हॉलमध्ये कौतुक झालेलं बरं."

मासा गळाला लागला. वक्ता मीच ठरवला: आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्याच भाषणाला कंटाळून शिपाई शाळा बंद करून गेला होता.

त्या संध्याकाळी दाजी पडद्यामागून आले ते फुगूनच, बाह्या दंडात रुतलेल्या. सत्काराच्या खुर्चीवर ऐटीत बसले. हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी फार वेळ घेणार नाही."

मी पाण्याची बाटली त्यांच्याजवळ सरकवली.

ते दाजींच्या जन्मापासून निघाले. दाजी शाळेत पोहोचेपर्यंत शिरा दिसेनाशा झाल्या. दाजींच्या चारित्र्यावर आले तेव्हा बाह्या सैल पडल्या. दाजी घड्याळ बघू लागले, खुर्चीखाली मुठी आवळू लागले. शेवटी "जरा आलोच" म्हणत उठले.

"बसा, बसा!" हेडमास्तरांनी त्यांचा खांदा दाबला. "तुमच्याबद्दलच बोलतोय. नम्रता पाहा माणसाची!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी दाजी खुर्चीला खिळले. स्वतःची स्तुती अर्ध्यावर टाकून जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि रक्त तर केव्हाच दंडातून निघून गेलं होतं. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद बाबा गेल्यापासून झाला नव्हता.

भाषण संपलं. ताईने टेप लावली. माझा दंड मागच्या वर्षापेक्षा चांगला बोटभर वाढला होता. मग दाजींचा. ताईने टेप सोडून पुन्हा लावली.

"कमी भरतोय," ती हळूच म्हणाली. "मागच्यापेक्षा कमी."

"भाषणामुळे उतरला!" दाजी ओरडले. "आत्ता तासापूर्वी बघायला हवा होता!"

मी वर्षभर याच वाक्याची वाट पाहिली होती.

"पंप म्हणजेच वाढ ना, दाजी? मग अख्ख्या वर्षाची वाढ एका भाषणात गेली कुठे?"

हॉल हसण्याने दणाणला. हेडमास्तरही हसले, कशाला ते न कळून. दाजी मान खाली घालून बाह्या ओढत राहिले. एकटी ताई हसली नाही.

सकाळी दाजी निमूटपणे केरसुण्यांच्या खोलीत गेले. ताई हॉलची किल्ली घेऊन माझ्याकडे आली.

"मागच्या वर्षी पडद्यामागे मी पाहिलं होतं त्यांना," ती म्हणाली. "नवरा पडला गं. हसले मी. चुकलंच." किल्ली तिने माझ्या हातावर ठेवली, पण बोटं काढली नाहीत. "आता तरी उतरला का राग?"

तिचे डोळे भरले होते. वाटलं, हो म्हणावं. तिला जवळ घ्यावं.

"नाही, ताई," मी म्हटलं. "तो फुगलेला नाही. वर्षभर मेहनतीने वाढवलेला आहे."