जोडावरचं वजन

“आधी भरलेली तोल, मग रिकामी तोल. मधे उरेल तेवढंच धान्य, बाकी सगळं लोखंड...” धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या हॉकनचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा, पण पिकअपचं दार उघडताना तो आज अगदी कानाशी आला. दाराच्या चौकटीवर, कडीच्या खाली, पिवळा कागद चिकटवलेला होता – पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा, एका कोपऱ्यात धूळ धरलेला – आणि त्यावरचा आकडा व्हर्लिनने वाचला नाही. वाचायची गरजच नव्हती. सतराशे चाळीस पौंड. माणसं, सामान आणि मागे जोडलेल्या ट्रेलरच्या नाकाचा भार, सगळं मिळून या गाडीच्या पाठीला पेलेल ते इतकं.

बायकोला, आर्डिसला, त्याने तेराशे चाळीस सांगितला होता.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी, अंडी खाता खाता. तिने विचारलं होतं, “मोठा ट्रेलर ओढेल का रे आपली गाडी?” आणि त्याच्या तोंडून तो आकडा इतका सहज निघाला की नंतर त्याचं त्यालाच नवल वाटलं. अडतीस वर्षं हॉकनच्या जागेवर बसून तो शेतकऱ्यांचे ट्रक तोलत आला. मक्याच्या एका दाण्याने कोणाला फसवलं नाही, स्वतःच्या भावालासुद्धा नाही – भाऊ त्यावरून वर्षभर बोलला नव्हता. आर्डिसने तर त्याच्या आकड्यावर कधी बोट ठेवलं नाही. व्हर्न म्हणतो म्हणजे असेल. म्हणूनच तर...

“येतोयस का, का गाडीतच राहायचंय म्हातारपणी?” तिने लांबून हाक दिली.

घर विकलं होतं. वीस जूनला किल्ल्या द्यायच्या. पुढची सगळी वर्षं ट्रेलरमध्ये – हिवाळा ॲरिझोनात, उन्हाळा इकडे मिनेसोटात किंवा मुलीकडे ओरेगनला – असं दोघांनी ठरवलं होतं आणि ठरवताना एकदाही भांडण झालं नव्हतं, चर्चमधल्या लोकांना याचंच कौतुक. राहायचं कशात, एवढाच प्रश्न उरलेला, आणि तोही आता दोन ट्रेलरांवर आलेला. विक्रीच्या मैदानात ते शेजारीशेजारी उभे होते, पांढरे, सारखेच दिसणारे. छोट्यात मागच्या बाजूला रुंद खिडकी, खिडकीपाशी दोन आरामखुर्च्या, पुढे एक पलंग. मोठ्यातही पुढे तसाच पलंग; पण मागे, खुर्च्यांच्या जागी, भिंतीत एकावर एक दोन बर्थ. मुलांच्यासाठी केलेले. प्रत्येकाला छोटा दिवा, छोटा पडदा.

आर्डिसला मोठा हवा होता. शिलाईचं मशीन ठेवायला, म्हणायची. रजया शिवायची कापडं ठेवायला.

मला ठाऊक होतं, व्हर्लिन मनाशी म्हणाला. बाईमाणसाने मोजपट्टी घेऊन बर्थची लांबी मोजावी, रुंदी मोजावी, आणि मग मशीनची मोजायला विसरावं – एवढं न कळायला मी काही...

“आज घाई नाही,” डार्ला म्हणाली. ती इथली विक्रेती, साठीची, स्वतः नऊ वर्षं ट्रेलरमध्ये राहून नवरा गेल्यावर इथे चिकटलेली. “लोक येतात, सोफ्यावर बसतात, वा म्हणतात आणि घेऊन जातात. संडासात दार लावून कोणी बसून बघत नाही. तुम्ही बसा. झोपा, उठा, भांडी लावून बघा. एकदा भांडून घ्या. इथे गोड वाटलं तरच रस्त्यावर निभेल.”

“भांडायचं कशावरून?” व्हर्लिनने विचारलं.

“ते ट्रेलर सुचवतो.”

म्हणून सकाळपासून ते राहत होते. आर्डिसने घरून बिडाची कढई आणली होती, मोठं पातेलं, चाळणी, उशा, कपडे धुवायची टोपली. छोट्या ट्रेलरमध्ये तिने कढई सहा ठिकाणी ठेवून पाहिली; सहाव्या ठिकाणी कप्प्याचं दार लागेना. तो न्हाणीत जाऊन, दार ओढून, झाकण पाडलेल्या कमोडवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर प्लास्टिकचं दार, आणि दारापलीकडे तिच्या चपलांचा आवाज – इकडे, तिकडे, थांबून, परत इकडे. घरी हा आवाज त्याला ऐकू येत नसे. घर मोठं होतं. ती वरच्या मजल्यावर, तो खालच्या. तिच्या पायांचा आवाज इतका हलका आहे हे तो विसरूनच गेला होता – जुन्या ओळखीच्या माणसाचं अक्षर खूप वर्षांनी पाकिटावर दिसावं तसं काहीतरी छातीत झालं.

“काय झालं, अडकलास?”

“गुडघे लागतात दाराला.”

“मग दार उघडं ठेवत जा. बेचाळीस वर्षं झाली, आता काय लपवायचं राहिलंय?”

तो हसला, आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

दुपारी मोठ्या ट्रेलरच्या पायरीवर बसून त्यांनी अंड्याचे सँडविच खाल्ले. थर्मासमधली कॉफी एकाच टोपणातून प्यायली. वारा सपाट रानावरून येत होता, नांगरलेल्या काळ्या मातीचा वास घेऊन, आणि मैदानातल्या सगळ्या छत्र्या, सगळ्या झालरी एकदम हलत होत्या. आर्डिसने बोटं पुसली, म्हणाली, “मी जरा आडवी होऊन बघते,” आणि आत गेली. तो मागून गेला तेव्हा ती पलंगावर नव्हती. ती खालच्या बर्थमध्ये होती. कुशीवर, गुडघे किंचित दुमडून, हात गालाखाली. दिवा लावला, मालवला, लावला. मग पडदा ओढून पाहिला – पूर्ण नाही, अर्धा – आणि त्या अर्ध्या पडद्याआड तिचा चेहरा इतका निवांत झाला, उतारावरून पाणी वाहत येऊन तळ्याला मिळावं तसा, की व्हर्लिनला आपण दुसऱ्या कोणाच्या घरात न विचारता शिरलोय असं वाटलं.

नऊ वर्षं. तिचा गुडघा बदलला त्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलेलं – पाय उशीवर उंच, धक्का नको, सहा आठवडे. म्हणून ती मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. सहा आठवड्यांचे आठ झाले. गुडघा बरा झाला, ती काठीशिवाय जिना चढू-उतरू लागली, बागेत बटाटे लावू लागली... आणि खोली तिचीच राहिली. भांडण नाही, बोलणं नाही. ख्रिसमसला मुलगी आली की ती सोफ्यावर झोपायची आणि म्हणायची, आईबाबा तुमचं आपलं मजेत चाललंय. चाललं होतंच. पण छोट्या ट्रेलरमध्ये झोपायची जागा एकच होती, आणि तीन आठवड्यांपूर्वी अंडी खाता खाता व्हर्लिनला एवढंच दिसलं होतं – एक पलंग, दोन उशा. चारशे पौंड त्याने त्यासाठी खाल्ले होते.

“हाच घ्यावा असं वाटतं,” पडद्याआडून ती म्हणाली. “पण तू म्हणतोस ना, जड आहे.”

“दीडेकशे पौंडांनी जातो आकड्याबाहेर.”

“कढई नाही नेली तर?”

“कढई काय, मलाच ठेवून जावं लागेल.”

“बघते विचार करून,” ती म्हणाली, आणि उठून बसली. बर्थच्या कडेला, पाय खाली सोडून, शाळकरी मुलीसारखी. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. काही लोक हवी ती गोष्ट सोडून देताना इतका कमी आवाज करतात की सोडायला लावणाऱ्याला आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो.

तेवढ्यात डार्लाने दारातून डोकं घातलं. “काय ठरलं?”

“छोटा,” आर्डिस म्हणाली. “आमच्या गाडीला हा झेपत नाही.”

“कोण म्हणतं?”

“हा. आणि याने आयुष्यभर हेच केलंय, तोलणं.”

“मी एकदा बघू? कागदावर लिहावं लागतंच मला, कुठलाही घ्या.” आणि ती गेलीसुद्धा. पिकअप पंधरा पावलांवर उभी होती. व्हर्लिनला उठता आलं असतं, थांब म्हणता आलं असतं, किल्ली माझ्याकडे आहे म्हणता आलं असतं. दार उघडंच होतं, सकाळी त्यानेच लावलं नव्हतं. तो बर्थसमोर उभा राहिला, हात खिशात घालून.

“सतराशे चाळीस!” बाहेरून डार्ला ओरडली. “अहो, आरामात जातो की. ट्रेलरच्या जोडावर नऊशे पौंड आले तरी तुमची कढई जाते, मशीन जातं, वर सासूबाई जातात.”

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढताना, कोणी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की ती जसं बघायची, तसं. मग खाली स्वतःच्या हातांकडे बघून ती म्हणाली, “चष्मा बदलायला हवा तुझा. तीन आणि सात सारखे दिसत असतील.”

केवढी मोठी वाट होती ती. रुंद, सावलीची. नुसतं ‘हो ना’ म्हटलं की चालू लागता आलं असतं, आणि ती पुन्हा कधी विषय काढणार नव्हती, हे बेचाळीस वर्षांच्या खात्रीने त्याला माहीत होतं. जीभ ‘हो’च्या आकारात आलीसुद्धा... आणि त्याच आकाराने त्याला ती दुसरी सकाळ आठवली. गुडघ्यानंतरचा आठवा आठवडा. ती स्वयंपाकघरात, काठी न घेता उभी, लापशी ढवळत, पाठमोरी. पाठमोरीच तिने विचारलं होतं: एकट्याला झोप लागते ना तुला नीट? आणि त्याला वाटलं, हिला तिथेच राहायचंय, हिला मोकळं करावं. म्हणून तो म्हणाला होता – हो, छान लागते. चमचा क्षणभर थांबला होता. मग पुन्हा फिरू लागला.

“चष्मा ठीक आहे,” व्हर्लिन म्हणाला.

तिने हातांवरून नजर वर केली.

“आकडा मला पहिल्यापासून माहीत होता. मी खोटं सांगितलं. आणि त्याच्याही आधी एकदा... गुडघ्याच्या वेळी तू मला विचारलं होतंस, झोप लागते ना. मी हो म्हटलं. लागत नव्हती, आर्डिस. तू वर दिवा मालवलास की जिन्यावरचा उजेड जायचा, तो जाईपर्यंत मी जागा असायचो. अजून असतो.”

बाहेर डार्ला कोणा गिऱ्हाइकाशी हवामान बोलत होती. ट्रेलर किंचित हलला, वाऱ्याने. व्हर्लिनला वाटलं होतं हे बोलल्यावर लाज वाटेल. वाटली ती निराळीच गोष्ट – आपण नऊ वर्षं एक प्रश्न दाबून धरलाय, आणि आता तो हातातून सुटला, आता त्याचं उत्तर आपल्याला हवं तेच येईल असं नाही. पायांखाली जमीन नव्हती, चाकं होती. तरी तो उभा होता.

आर्डिसने बर्थचा पडदा हातात घेतला, बोटांनी त्याची चुणी करत राहिली, सोडत राहिली.

“मला लागते, व्हर्न,” ती म्हणाली. “छान लागते. आता.” मग चुणी सोडून दिली. “तेव्हा नव्हती लागत.”