शेवटच्या ओळीतलं नाव

दौलतकाकांच्या पुण्यतिथीचं भजन रविवारी दुपारी होतं आणि स्वप्नीलला जाणं भागच होतं. आठ महिने तो लालबागच्या त्या चाळीकडे फिरकला नव्हता. विचारलं की काम आहे म्हणायचा. काम कसलं कपाळाचं! रोज दहाला दादरच्या स्टुडिओत जायचं, पेटी पुढ्यात ओढायची आणि सहाला हात हलवत घरी यायचं. पहिलं गाणं गाजलं म्हणून दुसरा सिनेमा चालत आला होता. पाच गाणी द्यायची होती आणि एकही पुरं होत नव्हतं.

सुचायचं, नाही असं नाही. मुखडा यायचा, अंतरा यायचा. पण अंतरा संपता संपता चार मात्रांची फट पडायची आणि त्या फटीत कुणीतरी खोकायचं. कोरडा, छातीच्या तळातून आलेला खोकला, गिरणीत तीस वर्षं कापसाची धूळ गिळलेल्या माणसाचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याने वैभवला, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या पोराला विचारलं, "बाहेरचा आवाज येतोय का रे?" वैभव म्हणाला, "दादा, दरवाजा बंद आहे. आपण दोघंच आहोत." त्यानंतर स्वप्नीलने कुणाला विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती. खोकला कुणाचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

दौलतकाका त्याचे सख्खे चुलते, चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. गजर स्वतः रचायचे, आणि जुन्या रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचे. ती ओळ घ्यायच्या आधी चार मात्रा थांबायचे, खोकून घसा मोकळा करायचे, मग 'दौलत म्हणे'. लहानपणी स्वप्नीलने विचारलं होतं, नाव कशाला घालता म्हणून. काका म्हणाले होते, "मिरवायला नाय रे. गाणं फसलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते लोकांना कळायला नको?"

शेवटच्या आजारपणात त्यांनी एक गजर रचला. 'भोंगा झाला रे विठ्ठला, सोड आता घरी. दौलत म्हणे पाळी माझी झाली पुरी.' स्वप्नील तेव्हा रोज संध्याकाळी पेटी घेऊन त्यांच्या खाटेशी बसायचा. काका गेले तेव्हा मीराबाईकाकीने गजरांची वही त्याच्याच हातात दिली आणि सांगितलं, अस्थींबरोबर सोड, त्यांना लागेल. त्याने ती वाळकेश्वरला समुद्रात सोडली. तेव्हा मनात पाप नव्हतं. पाप मागाहून आलं.

दोन वर्षांनी सिनेमावाल्यांना गिरणगावाचं गाणं हवं होतं. वीस दिवस डोकं आपटूनही काही हाती लागेना, आणि एकविसाव्या दिवशी 'भोंगा झाला' आपोआप तोंडात आलं. सुचलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो. नावाची ओळ कापली, राहिलेल्या चार मात्रांत व्हायोलिनं भरली. गाणं गाजलं. मग टीव्हीवरच्या बाईने विचारलं, "हे तुमच्या चाळीत आधीपासून गातात म्हणे?" स्वप्नील हसून म्हणाला, "हो, मीच काकांना बसवून दिलं होतं." एवढं एक वाक्य. तो खोकला त्या दिवसापासून मागे लागला.

म्हणून आजचा बेत सरळ होता. मंडळात बसायचं, काकांचा गजर काकांच्या नावासकट एकदा गळा मोकळा करून गायचा. म्हातारा शांत होईल, आणि उद्यापासून आपली गाणी सुरू. कबुली वगैरे त्याच्या बेतात नव्हती.

जेवणं आटोपली. मंडळाच्या खोलीत सतरंजी पडली. पखवाजावर हितेंद्र मास्तर, काकांचे चाळीस वर्षांचे सोबती. भिंतीला टेकून काकी. दोन अभंग झाले आणि मास्तरांनीच 'भोंगा झाला' उचलला. टाळ चढत गेले. चार मात्रांची जागा आली. स्वप्नीलने श्वास घेतला, पण त्याच्या आधी सगळं मंडळ एका आवाजात गायलं:

'स्वप्नील म्हणे पाळी माझी झाली पुरी.'

ते पुन्हा गायले. तिसऱ्यांदा गायले. त्याच्याकडे बघून, कौतुकाने, हसऱ्या चेहऱ्यांनी.

"नाव बदललं आम्ही," गजर थांबल्यावर मास्तर म्हणाले. "तू टीव्हीवर सांगितलंस तेव्हा कळलं. दौलत आपलं म्हणूनच गायचा. असो. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. काकीनेच सांगितलं, नाव बदला."

काकी सरकत त्याच्याजवळ आली. तिने हात जोडले. "तेंका माफ कर हां, झिला," ती हळू म्हणाली. "माणूस खोटा नव्हता. आजारपणात मती फिरली असात."

स्वप्नीलला तिथेच धरणी दुभंगावी असं वाटलं. "काकी, मी खोटं बोललो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "गाणं काकांचंच आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. मी चोरलं."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात संस्कार! नाहीतर आजकाल चुलत्यासाठी कोण एवढं करतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो, खरंच सांगतोय. वहीत आहे, त्यांच्या अक्षरात आहे..." आणि तो अडखळला. वही कुठे आहे ते त्याला आणि काकीला, दोघांनाही माहीत होतं.

काकीने त्याच्या गालावर हात ठेवला. "पुरे आता. मेल्या माणसाची लाज राखतंस, देव तुझा बरा करो." मग तिचा आवाज आणखी खाली आला. "एक सांग. बाकीची गाणी तरी तेंचीच होती काय रे? की तीपण कोणाची?"

"सगळी त्यांचीच, काकी. तुझी शपथ." तिने मान हलवली, ताप आलेल्या पोराच्या बडबडीला हलवतात तशी.

मास्तरांनी दुसरा गजर घेतला, काकांचाच, तीस वर्षांपूर्वीचा. रंगला. शेवटची ओळ आली आणि चार मात्रांवर मंडळ थांबलं. पुढे कुणी जाईना. इथे नाव कुणाचं घ्यायचं, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे स्वप्नीलकडे बघत राहिले.

त्याने त्या जागेत कान लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला तो खोकला हवा होता. एक मात्रा गेली, दोन गेल्या, तीन, चार.

कुणी खोकलं नाही.