न मिळालेल्या भाड्याचा कर

घड्याळजीचं परदेशात दोन खोल्यांचं घर होतं, बारा वर्षं तिकडच्या कारखान्यात डोळे फोडून घेतलेलं. तो परत आला तेव्हा त्याची धाकटी बहीण तिथल्याच इस्पितळात नर्स म्हणून लागली आणि किल्ली तिच्या हातात गेली. भावाबहिणीत कसलं आलंय भाडं? विषयसुद्धा निघाला नाही.

आता घर विकायला काढलं होतं, कारण इथल्या दुकानाचा मालक गाळा विकून मोकळा होणार होता. महिनाअखेर पैसे टाकले तर गाळा आपला, नाहीतर आठ वर्षांचं गिऱ्हाईक सोडून चंबूगबाळं उचला. तिकडचा खरेदीदार शुक्रवारपर्यंतच थांबणार होता. अडलं होतं फक्त कर बाकी नसल्याच्या दाखल्यापाशी. इकडचा शिक्का तिकडे चालेना, तिकडचा कागद इकडे कुणाला वाचता येईना. चार महिने हेलपाटे घालून घड्याळजीच्या नाकी नऊ आले, आणि दाखल्याऐवजी आली तिकडच्या करखात्याची नोटीस.

"काका, आठ वर्षांचं भाडं लपवलंत?" करसल्लागार बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"छदाम घेतला नाही हो!"

"घरपट्टीच्या फॉर्मवर दरवर्षी लिहिलंय. भाडेकरू, भाडं बाजारभावाने. खाली तुमच्या बहिणीची सही."

त्याने तिथूनच बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "अगं, हे काय लिहून ठेवलंस?"

"दादा, फॉर्मात दोनच चौकोन होते. भाडेकरू, नाहीतर आश्रित. मी काय आश्रित आहे?"

"बरं बाई, नाहीस. पण एवढं भाडं?"

"लिहायचंच तर कमी का लिहू? तो कारकून म्हणेल, भावाने फुकटात ठेवलीय."

"फुकटातच होतीस ना!"

"ते तुला नि मला माहीत. त्याला कशाला?"

घड्याळजीने कपाळावर हात मारला. बाई मध्येच म्हणाल्या, "दुरुस्तीचा खर्च वजा होतो. नळ, रंग, काही केलं असेल तर पावत्या?"

"सगळं मीच केलं. पण भावाच्या घराच्या पावत्या कोण ठेवतं?"

"मग एकच वाट. ताईंनी लिहून द्यायचं, मी आश्रित होते, भाडं कधी दिलं नाही. कर माफ."

फोनमधून अगदी बारीक आवाज आला. "देते लिहून."

रात्रपाळी करून आलेली, स्वतःच्या हाताने भिंती रंगवणारी ही बया. तिने लिहायचं आश्रित!

"काही लिहू नकोस," घड्याळजी खेकसला. "बाई, भाडं मिळालं म्हणा. भरतो कर."

"काका, दंडासकट कर गेला तर घराचे उरलेले पैसे गाळ्याला पुरायचे नाहीत. शिवाय ते भाडं इकडेही दाखवावं लागेल. तिकडे भरलेलं वजा जाता उरलेला कर इथे."

"म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! दाखवा, इथेही दाखवा. दुकानासाठी एखादी टपरी बघतो मी."

"दादा, वेडा आहेस का? फोन ठेवू नकोस! मी आत्ता लिहिते, दादा..."

त्याने फोन बंद केला आणि सहीसाठी पेन मागितलं.