कठड्यामागची पन्हळ

भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी गवंड्याने थोरल्या बहिणीचं घर बांधलं. दाजींचं म्हणणं साधं होतं. छप्पर दोन्हीकडे उतरतं ठेवा, कडा भिंतीबाहेर हातभर काढा, पाणी आपलं आपण खाली पडेल. पण बहिणीचं घर गल्लीत उठून दिसावं, अशी गवंड्याची हौस. त्याने सपाट छत घातलं, समोर उंच कठडा उचलला आणि त्यामागे पन्हळ लपवली.

"आणि वर जायला जिना?" दाजींनी विचारलं.

"जिना कशाला? वर काय हवा खायला जायचंय? घराचं तोंड बिघडेल, दाजी."

"अहो मेहुणे, घराचं तोंड तुम्ही बघाल, डोकं मलाच बघावं लागेल."

सगळे हसले, गवंडीही हसला. मग नेहमीच्या सवयीने त्याने छतावर बादलीभर पाणी ओतलं आणि खाली येऊन पाईपला कान लावला. पाणी खळखळत उतरलं. "घ्या, आता जन्मभर वर बघायला नको." पाणी त्याने ओतून पाहिलं. शेजारी एवढं झाड उभं होतं, पण मूठभर पानं टाकून पाहायचं काही त्याला सुचलं नाही.

वर्षाच्या आत पन्हळ पानांनी तुंबली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. दाजींनी शिडी लावली. मग दर दोन महिन्यांनी शिडी.

"गावभर घरं बांधत फिरतोस," बहीण म्हणायची, "माझ्या घराला एक जिना होत नाही तुझ्याच्याने?"

"हातातलं काम उरकू दे, ताई. मागच्या भिंतीला लोखंडी जिना लावतो. पुढच्या महिन्यात नक्की."

तो पुढचा महिना काही आला नाही. वेळ नव्हता असं नाही. जिना लावायचा म्हणजे आपण चुकलो हे चारचौघांत कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर यायचं.

जिना लागला तो दाजींच्या माघारी. गवंड्याने कुणाला हात लावू दिला नाही, एकट्याने उभा केला. दोन दिवस लागले. दोनच दिवसांचं काम होतं ते.

"वर जाऊन बघून ये," बहीण एवढंच म्हणाली.

तो चढला. अर्धी पन्हळ लख्ख होती. उरलेल्या अर्ध्या पन्हळीत पानं कुजत पडली होती. ती त्याने हातांनी उपसली आणि बराच वेळ कठड्याआड बसून राहिला.

दाजी शिडीवरून पडून गेले. भाचीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मंगळवार होता, सकाळचे नऊ वाजले होते.