ढगाची परीक्षा आणि एक बटण

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने दोनच क्रांत्या झाल्या. पहिली, माणसाला चाक सापडलं तेव्हा. दुसरी, माणसाने आपली सगळी माहिती उचलून ढगात नेऊन ठेवली तेव्हा. या दुसऱ्या क्रांतीची बातमी स्वेटररावांना कचेरीतल्या स्वच्छतागृहाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळली, आणि त्या वेळी ते घाईत होते.

कागदावर म्हटलं होतं की सर्व्हररूम बंद होणार, कारभार क्लाउडवर जाणार, आणि संबंधितांनी क्लाउडची प्राथमिक परीक्षा द्यावी. पास होईल तो नव्या विभागात, नापास होईल तो गोदामात, खोकी रचायला. खाली विभागप्रमुखांची सही, म्हणजे स्वेटररावांच्या धाकट्या मेहुण्याची.

सर्व्हररूम, म्हणजे कचेरीची माहिती साठवणाऱ्या यंत्रांची खोली, बारा महिने गार ठेवावी लागते, म्हणून हा गृहस्थ भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला जाई. नाव त्यावरूनच पडलं होतं. मेहुण्याला त्या खोलीत चिकटवलं त्यांनीच, कुठली वायर कुठे जाते ते हाताला धरून शिकवलं त्यांनीच. आता तो वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसे आणि खाली दारांवर कागद चिकटवे.

"प्राथमिक," घरी येऊन बूटही न काढता स्वेटरराव म्हणाले. "मला प्राथमिक. आता पाटी-दप्तर घेऊन बसतो."

"बूट काढा आधी," बायको म्हणाली.

"तुझ्या भावाला सांगून ठेव..."

"माझा भाऊ तो घरात. कचेरीत तुमचा साहेब. तिथलं भांडण तिथे करा."

तिथे करता येत नव्हतं म्हणून तर ते घरी आणलं होतं.

अभ्यास रागाने सुरू झाला आणि रागानेच चालला. क्लाउड लवचीक असतं हे वाचून स्वेटरराव भडकले. म्हणजे आम्ही ताठ होतो का? मग जबाबदारीच्या वाटणीचा धडा आला. इमारत, वीज, यंत्रं ही क्लाउड कंपनीने सांभाळायची. आपली माहिती आणि आपला पासवर्ड गिऱ्हाइकाने सांभाळायचा. बायकोला हा धडा फार पटला.

"आपल्याकडे असंच आहे की," ती म्हणाली. "घर, वीज, पाणी मी बघते. तुमच्याकडे फक्त पासवर्ड, तोही विसरता."

सराव परीक्षेत मार्क चांगले पडत. घोडं दुसरीकडेच अडलं होतं. परीक्षा घरून, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती आणि पलीकडून कुणी निरीक्षक बाई सतत बघणार होती. खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर चिटोरा नको, आणि ओठ हलता कामा नयेत. हलले तर तुम्ही कुणाला तरी प्रश्न वाचून दाखवताय असं धरणार. आधी ताकीद, मग परीक्षा रद्द.

स्वेटररावांचे ओठ हलतच. सर्व्हररूममध्ये पंख्यांची घरघर अशी असते की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं पुटपुटत विचार करतात. यंत्र रुसलं की त्याची आई-बहीण काढतात, सुरू झालं की "शहाणं माझं ते" म्हणतात.

"हलले," बायको म्हणे.

"वाचतोय मी."

"मग वाचा ना, बोलता कशाला?"

"अगं, वाचायचं म्हणजे..."

"पुन्हा हलले."

शेवटी तिने स्वेटरचं गळ्याजवळचं मोठं लाकडी बटण कातरून काढलं, धुतलं आणि नवऱ्याच्या ओठांत दिलं. बटण पडलं की प्रश्न बाद. रोज संध्याकाळी स्वेटरराव ओठांत बटण धरून बसू लागले. तळपायाची आग मस्तकात जाई, पण बाहेर पडायला वाट नव्हती. दातओठ खायचीही सोय नव्हती. मग त्यांनी मनातल्या मनात मेहुण्यासाठी एक भाषण रचायला घेतलं. बटण जितकं घट्ट, तितकं भाषण लांब होत गेलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच मेहुणा टपकला आणि स्वयंपाकघरात बहिणीजवळ जाऊन बसला.

"आला गंमत बघायला," असं म्हणून स्वेटररावांनी खोलीचं दार लावून घेतलं.

निरीक्षक बाईने खोली फिरवून दाखवायला लावली, घड्याळ उतरवायला लावलं, खिसे उलटे करायला लावले.

"हे काय आहे?"

"बटण."

"बाहेर ठेवून या."

बटण दाराबाहेर बायकोच्या हातात गेलं आणि प्रश्न सुरू झाले. बरेचसे गुमान सुटले. मग एक आला. क्लाउडचा मोठा फायदा कोणता? चार उत्तरांतलं बरोबर उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःची सर्व्हररूम सांभाळण्यात वेळ आणि पैसा वाया जात नाही.

वाया. एसी बंद पडला तेव्हा सुट्टीच्या दिवशी घरचा टेबलफॅन खांद्यावर घेऊन कोण धावलं होतं? त्या हिरव्या दिव्यांच्या रांगेसमोर अर्धं आयुष्य कुणाचं गेलं? ओठ हलले. पडद्यावर ताकीद उमटली.

स्वेटररावांनी नसलेलं बटण ओठांत घट्ट आवळलं आणि स्वतःच्या हाताने 'वाया'वर खूण केली.

थोड्या वेळाने पडद्यावर 'उत्तीर्ण' आलं. ते उठले, दार उघडलं आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन भाषण सुरू केलं. त्यात खोली होती, टेबलफॅन होता, उपकार विसरणारी माणसं होती, स्वच्छतागृहाचं दार तर दोनदा होतं. माणसाला तोंडावर सांगायची लाज वाटते म्हणून कागद चिकटवतोस का, असंही होतं. बायकोने गॅस बंद केला. मेहुणा मान खाली घालून ऐकत राहिला. भाषण संपलं तरी मान वर होईना.

"बोल की आता, साहेब."

"भावोजी, वरच्यांनी मलाही हाच नियम लावलाय. दोनदा बसलो. दोन्ही वेळा रद्द झाली." तो घुटमळला. "ओठ हलतात. तुमच्याच खोलीत शिकलो ना."

बायकोने मुठीतलं बटण चाचपलं.

"उद्या शेवटची संधी आहे," बहिणीच्या मुठीकडे बघत मेहुणा म्हणाला. "आजच्या रात्रीपुरतं ते बटण द्याल का? धुऊन परत करतो."