वळणाचं वाक्य

माझा आवाज शनिवारी दुपारी, तिसऱ्या फेरीच्या आधी गेला. बुधवारपासून तो घोगरा होताच. ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, गरम पाणी, सगळं करून झालं होतं. फेब्रुवारीत दिवसाला चार फेऱ्या असतात. एक फेरी ऐंशी मिनिटांची आणि त्यातली साधारण पंचावन्न मिनिटं मी बोलते. हे मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं.

'देवकी' ही बारा प्रवाशांची छोटी यॉट. पणजीच्या धक्क्यावरून निघून ती शहराच्या कडेने मांडवीतून खाली, समुद्राकडे जाते. जुनं सचिवालय, कांपाल, मग नदी ओलांडून रेइश मागूशचा किल्ला, आग्वादचा तुरुंग लांबून, आणि परत. मी तिच्यावरची गाइड. मुळगावहून सकाळी सातची बस पकडते. भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर दीड वर्ष नोकरी शोधली. आता लोकांना सांगते की डावीकडचा वाडा पूर्वी आदिलशहाचा होता.

सुकाणूवर सगुणकाका. कारापूरचे, अठ्ठावन्न वर्षांचे. बावीस वर्षं त्यांनी आमोण्याहून खनिजाचे बार्ज मुरगावला नेले. खाणी बंद पडल्यावर काही वर्षं घरी बसले. त्या वर्षांबद्दल ते एकच वाक्य बोलतात, "बसून बसून कोंबड्यांक नांवां दिलीं मगो, बाय." सोमवारी परवान्यासाठी त्यांची डोळ्यांची तपासणी होती. पास झाले तर सुकाणू, नाही तर कारापूर आणि कोंबड्या.

काकांना नीट दिसत नाही, हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

मला वेळा लिहून ठेवायची सवय आहे. भरती किती वाजता, कुठल्या इमारतीसमोर किती मिनिटांनी पोचलो, असं एका छोट्या वहीत लिहिते. त्याचा कुणाला उपयोग नाही. कांपालच्या पुढे मिरामारच्या बाजूला पाण्याखाली वाळूचा पट्टा आहे, काका त्याला रेंव म्हणतात. त्याच्या अलीकडेच बोट उजवीकडे, रेइश मागूशच्या दिशेने वळवावी लागते. तिथे माझं ठरलेलं वाक्य आहे, "आता समोरच्या काठावर लाल दगडाचा किल्ला बघा." बोट वळते म्हणून मी ते वाक्य बोलते, असं मी समजत होते. जानेवारीत नागपूरच्या एका बाईंनी नेमकं तेव्हाच मला माझ्या कानातल्यांबद्दल विचारलं. वाक्याला चाळीस सेकंद उशीर झाला. बोटही चाळीस सेकंद उशिरा वळली.

एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून मी पूर्ण भरतीच्या फेऱ्या निवडल्या, तेव्हा वाळूवरही भरपूर पाणी असतं. दोनदा ते वाक्य अर्धा मिनिट आधी म्हटलं, दोनदा अर्धा मिनिट उशिरा. बोट चारही वेळा वाक्याबरोबर वळली. कॉलेजात असा निकाल आला असता तर मी खूश झाले असते.

मग बाकीच्या गोष्टी जुळल्या. काका बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या कानाच्या बाजूला बघतात. तो त्यांचा तुसडेपणा असेल असं मला वाटायचं. त्यांना कडेचं दिसत होतं, मधलं नाही. कॅसिनोची नांगरलेली जहाजं दिसत होती, पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावरचे आकडे नाही. त्या यंत्राचा भोंगाही बंद होता. पर्यटक घाबरतात म्हणून सुदेशबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, तो बंद करून घेतला होता.

त्या प्रयोगानंतर दोन दिवसांनी चहा पिताना काका म्हणाले, "बाय, तू हल्लीं किल्ल्याचां कदीं बेगीन सांगता, कदीं उशिरा."

"चुकलं काका."

"चुकूं नाका," ते म्हणाले आणि कप विसळायला उठले.

एवढंच. पुढे मी एकदाही चुकले नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या बाबांचा ट्रक तीन वर्षं आमच्या दारात उभा होता. बाबा रोज सकाळी त्याची काच पुसायचे. हे कारण म्हणून पुरेसं नाही, पण होतं ते हेच. शिवाय माझं बोलणं आणि काकांचे हात मिळून बोट नीट चालत होती. तपासणी सोमवारी होणारच होती. डॉक्टर काय ते बघून घेतील.

तर शनिवारी माझा आवाज गेला. मी सुदेशबाबला खुणेनेच सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला नाही की काही नाही. फक्त खिशातून फोन काढला.

"काय प्रश्नच नाही. डिसेंबरात तुझी अख्खी फेरी रेकॉर्ड केलीय मी. स्पीकरवर लावू."

मी जोराने नकारार्थी मान हलवली. घशातून फक्त हवा आली.

"अगो, तुझाच आवाज आहे. तू बस आरामात."

दोर सोडायला उभा असलेला धाकू हसला. धाकू आरोंद्याचा, चाळिशीचा. त्याच्याकडे बोट चालवायचा परवाना आहे, पण जागा नाही म्हणून इंजिन आणि दोर सांभाळतो. मला तो टीचर म्हणतो. "बरां झालां," तो म्हणाला. "आज टीचर गप. नदी काय म्हणता ता तरी ऐकूक येतला."

सगुणकाका स्पीकरच्या बाजूला, भिंतीकडे बघत होते. म्हणजे स्पीकरकडे बघत होते.

मी वही उघडली. डिसेंबरातली ती फेरी भरती चढतानाची होती. समोरून येणारं पाणी कापत वळणापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली होती. आज साडेचारची फेरी, ओहोटी अर्ध्यावर, पाणी आम्हाला पाठीमागून ढकलणार. इंजिनाचा वेग काका कधीच बदलत नाहीत. मी भागाकार केला. तेरा मिनिटं. माझा रेकॉर्ड केलेला आवाज काकांना सात मिनिटं उशिरा वळायला सांगणार होता.

मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काकांपुढे धरलं. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांच्या कडेला नेला, परत दिला.

"माका वाचूक दिता?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता. "ओहोटी आसा, माका कळता. पांयांक कळता. पूण खंय पावलों तां पांय सांगनात."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हां," ते म्हणाले. "थंयच दवर. वळचां जाता तेन्ना दाब." म्हणजे हात तिथेच ठेवायचा आणि वळायची वेळ आली की दाबायचा.

सुदेशबाब तेव्हा धक्क्यावरच उभा होता. मी उतरून त्याच्याकडे जाऊ शकले असते. कागद तयार होता. मी तो घडी करून वहीत ठेवला.

प्रवासी अकरा होते. बेळगावहून आलेले निवृत्त शिक्षक, एका शाळेतले. धाकूने दोर सोडला आणि स्पीकरमधून मी ताज्या, उत्साही आवाजात सगळ्यांचं स्वागत केलं. मला ती मुलगी ओळखीची वाटली नाही. डिसेंबरात मी बरीच हसत असे.

चौथ्या मिनिटाला जुनं सचिवालय मागे गेलं. स्पीकरवर अजून लाइफ जॅकेटचे नियम चालले होते. मी जेव्हा आदिलशहाबद्दल सांगू लागले, तेव्हा डावीकडे कॅसिनोचं पाच मजली जहाज होतं.

"हा वाडा?" एका सरांनी विचारलं.

"भलताच सांभाळलाय," दुसरे म्हणाले. "आपल्याकडे शाळेला रंग मिळत नाही."

सगळे हसले. काकांचा खांदा माझ्या हाताखाली दगडासारखा घट्ट होता. नवव्या मिनिटाला कांपालची झाडं सुरू झाली. दहाव्या मिनिटाला मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. सगळ्यांत वयस्कर बाई, कुलकर्णी मॅडम, पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांना भोवळ येत होती आणि त्या कठड्याकडे कलत होत्या. धाकू पुढच्या टोकाला होता. मला हाक मारता येत नव्हती. मी खांद्यावरचा हात काढला, मॅडमना धरलं, खाली बसवलं, बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. वेळ माझ्या डोक्यात चालू होती. मला वाटलं, पुरेल.

नंतर मी हिशेब केला. माझा हात साडेचार मिनिटं खांद्यावर नव्हता. त्यातली शेवटची दीड मिनिटं वळणाच्या पलीकडची होती. त्या वेगाने दीड मिनिटात बोट तीनशे मीटर जाते.

धक्का असा बसलाच नाही. पिठाच्या पोत्यावर पाय पडावा तशी बोट मऊ होत थांबली. बाजूच्या पाण्यात खालून गढूळ ढग वर आला. मी उठायच्या आतच काकांनी इंजिन उलटं टाकलं होतं. त्यांचे पाय थोडे फाकलेले, मान खाली, डोळे मिटलेले. बोट थरथरली, सरकली नाही. त्यांनी सुकाणू थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं, दळताना जात्यात अडकलेला दाणा मोकळा करावा तसं. अर्ध्या मिनिटाने वाळूने आम्हाला सोडलं. ओहोटी होती. अजून दहा मिनिटं तिथे राहिलो असतो तर रात्रीच्या भरतीपर्यंत बारा म्हातारी माणसं आम्ही नदीच्या तोंडावर बसवून ठेवली असती. अकरा. बारावे काका.

"छान केलंत," वाड्याची चौकशी करणारे सर म्हणाले. "फोटोला थांबवलंत ते. इथून सूर्य फार सुंदर दिसतो."

बोट खोल पाण्यात आली. पुढून धाकू धावत आला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"धाकू," काका म्हणाले, "सुकाण घे."

"मी? काका, तुमी असताना..."

"लायसन पाकिटांत घालून कित्याक भोंवता? घे."

धाकूने सुकाणू घेतलं. काका बाजूला झाले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे उभे राहिले. शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले. मी त्यांच्याजवळ गेले. ओठ हलवले. सॉरी म्हणायचं होतं, आणि मी आधीच सांगायला हवं होतं, हेही.

"तुका खबर आसलां," ते हळू म्हणाले. "माकाय खबर आसलां. दोगांनी मेळून लोकांक रेंवेर चडयलां. आतां रडां नाका, म्हातारीक उदक दी."

स्पीकरवर मी तेव्हा म्हणत होते, आता समोरच्या काठावर लाल दगडाचा किल्ला बघा. सगळ्यांनी बघितलं. तो थोडा मागे, उजवीकडे होता.

धक्क्यावर कुलकर्णी मॅडम माझा हात धरून उतरल्या. त्यांच्या गालावर रंग परत आला होता. सर्वांत शेवटी उतरलेल्या सरांनी सुदेशबाबला सांगितलं की बोट उत्तम, फक्त बोलणं आणि देखावा यांचा मेळ नाही.

"हो, थोडं मागे पडतंय वाटतं," सुदेशबाब फोन काढत म्हणाला. "एडिट करतो. पुढच्या फेरीला बरोबर येईल. गौरवी, कुठून कापू सांग."

"रेकॉर्डिंग कापून कायएक जावचां ना, सुदेशबाब," सगुणकाका म्हणाले. ते सुदेशबाबच्या कानाच्या बाजूला बघत होते. "तां समां आसा. दोळे म्हजे गेल्यात. हांव हिच्या उलोवण्यार, हिच्या आवाजार बोट हाकतालों."

सुदेशबाबने आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकूकडे. आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

"किती दिवस?"

"पावसाच्या आदीं थोडां थोडां. दिवाळेउपरांत चड. आज रेंवेर लागली. उलटी काडली."

सुदेशबाब खुर्चीवर बसला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने चष्मा काढून दोन बोटांनी डोळे दाबले. त्याचाही तो दिवसातला बारावा तास होता. "सोमवारी तपासणी आहे ना तुमची?"

"सोमवारीं दोतोराक त्रास कित्याक? माका खबर आसा तां तो माका सांगतलो."

सूर्यास्ताच्या फेरीचे बारा लोक रांगेत उभे होते. त्यांपैकी दोन लहान मुली कठड्यावर वाकून पाण्यात बघत होत्या. सुदेशबाबने त्यांच्याकडे बघितलं आणि धाकूला हाताने खूण केली, जा. धाकू सुकाणूकडे गेला. जाताना त्याने काकांचं पाण्याचं तांब्याचं भांडं तिथून उचलून बाकावर ठेवलं, नीट, कापडासकट.

"आणि बोलायचं कुणी?" सुदेशबाब म्हणाला. "ही मुकी. रेकॉर्डिंगचं काही खरं नाही."

"माका दी," काका म्हणाले.

त्यांना माईक कसा धरायचा ते माहीत नव्हतं. मी दाखवलं. मग बोट सुटली आणि काका बोलू लागले. माझंच बोलणं, शब्दाला शब्द, माझ्या मराठीत. आदिलशहा, पोर्तुगीज, कांपालची झाडं. मी जिथे श्वास घेते तिथे त्यांनी श्वास घेतला. ज्या विनोदाला कुणीच हसत नाही तो विनोदही त्यांनी सांगितला, आणि त्या मुली हसल्या. ते मान कलती करून, पाय फाकून उभे होते. मध्येच ते थांबत आणि मी त्यांच्या कोपराला हात लावला की पुढची इमारत सुरू करत. दोन्ही काठांवर दिवे लागत होते. मी बसले होते. दिवसभरात पहिल्यांदाच बसले होते.

कांपालची शेवटची झाडं आली. मी कोपर दाबलं.

"आता समोरच्या काठावर लाल दगडाचा किल्ला बघा," काका म्हणाले. मग माईक तोंडासमोरून न हलवता, हळू, "वळ."

बारा जणांनी ते ऐकलं. धाकूने बोट आधीच वळवली होती.